अद्भुताचा निरोप

अद्भुत कथेचा शेवट वाचकास पहिल्या पानापासून ठाऊक असतो, अशी एक समजूत सुशिक्षित वर्गात फार दिवसांपासून रूढ आहे. दुष्टाचा नाश व्हावयाचा, राजपुत्राने सिंहासनावर बसावयाचे, राजकन्येशी त्याचा विवाह लागावयाचा, आणि कहाणी सुफळ संपूर्ण व्हावयाची. मग अशा कथेत प्रौढ बुद्धीच्या वाचकाने जीव कशाकरिता गुंतवावा? ही समजूत केवळ सामान्य वाचकांचीच आहे असे नव्हे. इंग्रजीतील टोल्किनकृत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या महाकादंबरीचा तिसरा आणि अखेरचा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा स्कॉटिश कवी एडविन म्यूर याने 'ऑब्झर्व्हर' पत्रातून तिजवर नेमका हाच आक्षेप घेतला. या कथेतले जग शाळकरी मुलांचे आहे. एवढे घोर युद्ध करून तिच्यातील सज्जन शेवटी विजयी आणि आनंदी होऊन बाहेर पडतात, कारण मुलांची अपेक्षाच तशी असते, असा त्याचा एकंदर आशय होता. म्यूर हा वाटेवरचा टीकाकार नव्हे. तो स्वतः चांगला कवी होता, आणि काफ्काच्या कादंबऱ्या त्याने पत्नी विला हिच्यासह इंग्रजीत आणल्या होत्या. अशा मनुष्याच्या आक्षेपाचा विचार केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे.

आमचे मत मात्र त्याच्या अगदी उलट आहे. या ग्रंथाचे खरे सामर्थ्य त्याच्या शेवटातच आहे, आणि तो शेवट गोडही नाही व कडूही नाही. अशा शेवटाला कटुमधुर म्हणण्याची पद्धत आहे. परंतु या शब्दाने फारसा उलगडा होत नाही. कडू आणि गोड यांचा संबंध कोणत्या प्रकारचा, हा खरा प्रश्न आहे; आणि त्या प्रश्नाच्या उत्तरावरच अद्भुत कादंबरी पोरखेळ ठरते की साहित्य ठरते, हे अवलंबून आहे.

ज्यांनी हा ग्रंथ वाचला नाही त्यांच्याकरिता कथानकाचा सांगाडा थोडक्यात देतो. सौरॉन नामक दुष्ट शक्तीने आपले बहुतेक सामर्थ्य एका अंगठीत साठविले आहे. ती अंगठी शायर नावाच्या शांत, शेतीभातीच्या प्रदेशातील फ्रोडो या ठेंगू हॉबिटाच्या हाती येते. ती जेथे घडविली गेली त्याच ज्वालामुखी पर्वतात टाकल्यावाचून तिचा नाश होणे शक्य नाही. फ्रोडो आपला सेवक सॅम याच्यासह शत्रूच्या देशात शिरतो. अखेरच्या क्षणी त्याचा निश्चय ढळतो आणि अंगठी आपलीच म्हणून तो ती बोटात घालतो. परंतु गॉलम नावाचा एक भ्रष्ट जीव, ज्याला पूर्वी दयेने जिवंत सोडलेले असते, त्याचे बोट चावून तोडतो आणि अंगठीसह अग्नीत कोसळतो. अशा रीतीने जग वाचते.

सामान्य कथालेखक येथेच समारोप करता. टोल्किनने मात्र यानंतर आणखी सहा प्रकरणे लिहिली आहेत. प्रथम वाचनाच्या वेळी ती सहा प्रकरणे आम्हांस शेपटासारखी लांबलेली वाटली होती, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या वाचनात मात्र ध्यानात आले की, आधीचा सारा प्रवास या सहा प्रकरणांच्या पायाकरिता होता.

कडू आणि गोड यांचा संबंध दोन प्रकारचा असू शकतो. गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाची पाने गुळाबरोबर वाटून खातो. तेथे कडू पदार्थ वेगळा, गोड पदार्थ वेगळा. दोहोंचे प्रमाण वाटणाऱ्याच्या हाती असते, आणि ज्याला कडू सोसत नाही तो गूळ वाढवून घेतो. आवळ्याची गोष्ट निराळी. आवळा खाऊन वर पाणी प्यावे म्हणजे ते गोड लागते. ती गोडी कोणी वरून घातलेली नसते; आधीच्या तुरटपणातूनच ती उत्पन्न होते, आणि तुरटपणा नको म्हटले तर गोडीही जाते. पुष्कळशा कादंबऱ्यांचे मिश्र शेवट पहिल्या प्रकारचे असतात. नायकाला राज्य मिळते, पण त्याचा मित्र रणात पडतो. एकाचे लग्न होते, पण दुसरीचे राहते. यांत लेखकाचा हात दिसतो. त्याच्या मनात असते तर मित्र वाचला असता आणि राज्यही मिळाले असते. टोल्किनच्या ग्रंथातील शेवट दुसऱ्या जातीचा आहे. तेथे ज्या कृत्याने विजय मिळतो त्याच कृत्याने हानी होते.

याचे बीज लेखकाने पहिल्या खंडातच पेरले आहे. लोथलोरिएन नावाचे एल्फ लोकांचे एक वन आहे. तेथे काळाची झीज पोहोचत नाही, झाडांची पाने सोन्यासारखी असतात, आणि त्या वनाची स्वामिनी गॅलाड्रिएल आपल्या अंगठीच्या बळाने ते सौंदर्य राखून असते. तिची अंगठी सौरॉनच्या स्पर्शापासून अलिप्त असली तरी मुख्य अंगठीच्या नशिबाशी ती बांधलेली आहे. ती फ्रोडोस स्पष्ट सांगते की, तुला अपयश आले तर आम्ही शत्रूच्या हाती सापडू, आणि यश आले तर आमचे बळ सरून हे वन कोमेजून जाईल. म्हणजे शुभपक्षातील सर्वांत सुंदर वस्तूचा नाश हा शुभपक्षाच्या विजयाचाच परिणाम आहे. हे गॅलाड्रिएलला ठाऊक आहे, फ्रोडोला ठाऊक आहे, आणि वाचकालाही ठाऊक आहे. तरीही ती त्यास वाटेला लावते. आमच्या नाट्यशास्त्रकारांनी बीज आणि निर्वहण यांचा जो संबंध सांगितला आहे, त्याचे याहून चोख उदाहरण अर्वाचीन अद्भुत वाङ्मयात आम्हांस तरी आढळले नाही.

एल्फांचे हे दुःख भव्य आहे. आणि भव्य दुःख वाचकाच्या मनाला दुरूनच स्पर्श करते. काळजाला हात घालते ते फ्रोडोचे लहानसे, घरगुती दुःख. प्रवासात ६ ऑक्टोबर रोजी त्याच्या खांद्यात मंतरलेले पाते शिरलेले असते. १३ मार्च रोजी एका राक्षसी कोळिणीने त्याला दंश केलेला असतो. आणि २५ मार्चला अंगठीबरोबर त्याचे बोट जाते. घरी परतल्यावर दर वर्षी या तिथ्या आल्या की तो आजारी पडतो. परतल्यानंतरचे पहिले पूर्ण वर्ष शायरमध्ये असे येते की तसे कोणाच्या आठवणीत नसते. धान्य अमाप पिकते, झाडे फळांनी वाकतात, मुले सुदृढ आणि देखणी निपजतात. त्याच वर्षाच्या १३ मार्चला फ्रोडो अंथरुणावर पडून गळ्यातील एक पांढरा मणी मुठीत आवळून असतो. आणि सॅम त्या वेळी गावोगाव झाडे लावण्याच्या कामावर गेलेला असल्यामुळे त्याला याची वार्ताही लागत नाही. पुढील वर्षी पुन्हा १३ मार्च येतो. या खेपेस सॅमच्या घरी पहिल्या अपत्याची वाट पाहणे चालू असते, म्हणून फ्रोडो मोठ्या कष्टाने आपले दुखणे लपवितो. बारा दिवसांनी, २५ मार्चला, सॅमला मुलगी होते. तिचे नाव एलानोर ठेवतात. एलानोर हे त्या कोमेजत चाललेल्या वनातील एका सोनेरी फुलाचे नाव आहे.

या तिथ्या लेखकाने मोठ्या गाजावाजाने मांडलेल्या नाहीत; एकदोन वाक्यांत त्या येतात आणि जातात. परंतु वाचकाने त्या जुळवून पाहिल्या म्हणजे सगळा शेवट त्यांत सामावलेला दिसतो. फ्रोडोने जे वाचविले ते खरोखरच वाचले आहे, भरभराटीला आले आहे. मात्र त्याचा आस्वाद घेणारी जिभच त्याच्यापाशी उरलेली नाही. वाचविणारा एक आणि भोगणारा दुसरा, ही जगाची जुनी रीत आहे. पण ज्याने भोगावयाचे त्याला ती विसरू न देणे हे साहित्याचे काम आहे.

ही जाणीव लेखकास कोठून आली असावी, याविषयी तर्क करताना जपून असले पाहिजे. आपला ग्रंथ हे कोणत्याही युद्धाचे रूपक नव्हे, असे टोल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बजावले आहे, आणि त्याचा शब्द आम्ही मानतो. परंतु त्याच प्रस्तावनेत, १९१८ सालापर्यंत आपल्या जिवलग मित्रांपैकी एक सोडून सगळे मरण पावले होते, हेही त्याने सांगितले आहे. तो स्वतः १९१६ साली सोमच्या रणभूमीवर लँकेशायर फ्युझिलिअर्स पलटणीत संदेशवहनाचा अधिकारी होता. शाळेतील ज्या मित्रांबरोबर त्याने वाङ्मयाची स्वप्ने पाहिली त्यांपैकी रॉबर्ट गिल्सन त्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलैला, पडला. जेफ्री स्मिथ त्याच वर्षाच्या डिसेंबरात गेला. टोल्किनला मात्र खंदकातील ज्वराने पछाडले, आणि नोव्हेंबरात त्याला इंग्लंडास परत पाठविण्यात आले. युद्धाहून जिवंत परतणे आणि सुखरूप परतणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे अशा मनुष्यास कोणी शिकवावयास नको होते. म्यूरने ज्यांना शाळकरी मुले म्हटले त्यांना निर्माण करणाऱ्याचे खरे शाळकरी सोबती फ्रान्सच्या मातीत राहिले होते.

शेवटापूर्वीच्या प्रकरणाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. चौघे हॉबिट घरी येतात तो शायरमध्ये गुंडांचे राज्य माजलेले. जुनी झाडे तोडलेली, पाणी नासलेले, शेजारी शेजाऱ्याला भिणारा. ते संकट निवारताना फ्रोडो स्वतः शस्त्र उपसत नाही. शरण आलेल्यांना कोणी मारू नये, एवढीच त्याची खटपट असते. परिणाम असा होतो की, त्याच्या सोबत्यांची पोवाड्यासारखी कीर्ती होते, आणि जग वाचविणाऱ्याला स्वतःच्या गावात फारसा मान मिळत नाही. सॅमला याचे वाईट वाटते. फ्रोडोला वाटत नाही. पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने याच ग्रंथावरून काढलेल्या तिसऱ्या चित्रपटातून, जो २००३ साली पडद्यावर आला, हे संपूर्ण प्रकरण वगळले आहे. तेथे शायर होते तसेच राहते. चित्रपट अन्य बाबतींत प्रेक्षणीय आहे. परंतु या एका वगळण्याने शेवटाचे स्वरूप पालटले. घर जसेच्या तसे राहिले म्हणजे फ्रोडोचे न रमणे हा एक खाजगी आजार होऊन बसतो. मूळ ग्रंथात मात्र घर आणि घरी येणारा दोघेही बदललेले आहेत; घर दुरुस्त होते, तो होत नाही. ही तुलना गेली की दुःखाची धार गेली.

आता प्रत्यक्ष निरोपाकडे वळू. गँडाल्फ, गॅलाड्रिएल आणि एल्रॉन्ड हे तिघे थोर अंगठीधारक समुद्रापलीकडे जावयास निघतात, आणि फ्रोडोही त्यांच्याबरोबर गलबतावर चढतो. किनाऱ्यावर सॅम आणि दोघे सोबती उभे राहतात. गलबत दिसेनासे झाल्यावर ते तिघे बोलल्याशिवाय घरची वाट धरतात. नाटकाच्या निर्वहणात अद्भुत रसाची योजना करावी असे भरताने सांगितले आहे. येथे उलटाच प्रकार आहे: बाराशे पानांभर वाचक अद्भुतात वावरला, आणि निर्वहणात अद्भुतच त्याचा निरोप घेऊन जाते. यापुढे त्या जगात एल्फ नाहीत, जादू नाही, काळाला न जुमानणारी वने नाहीत. यापुढे आपल्यासारखीच माणसे आणि आपल्यासारखेच दिवस. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते ते केवळ फ्रोडोकरिता नव्हे. पुस्तक मिटण्याचा क्षण आणि गलबत सुटण्याचा क्षण एकच असतो. सॅम किनाऱ्यावर उभा असतो तेव्हा वाचक त्याच्याशेजारीच उभा असतो. कादंबरीतील पात्राचा वियोग आणि वाचकाचा कादंबरीशी होणारा वियोग यांची इतकी बेमालूम सांगड फार थोड्या ग्रंथांत बसलेली आहे.

परंतु टोल्किन वाचकाला किनाऱ्यावर सोडून देत नाही. सॅम घरी येतो. दिवा लागलेला असतो, जेवण तयार असते, बायको त्याला खुर्चीत बसवून लहान एलानोरला त्याच्या मांडीवर देते. तो एक दीर्घ श्वास घेऊन घरी आल्याची साधी वर्दी देतो, आणि ग्रंथ संपतो. लेखकाने यापुढे एक उपसंहार लिहिला होता. त्यात पुष्कळ वर्षांनंतरचा सॅम आपल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत बसलेला आहे. इतरांच्या सल्ल्याने टोल्किनने तो वगळला. पुढे १९९२ साली त्याच्या मुलाने तो प्रसिद्ध केला. आम्ही तो उत्सुकतेने वाचला आणि वगळला हेच बरे झाले असे ठरविले. त्यात गोडी पुष्कळ आहे, पण ती गुळाची गोडी आहे. मुलांना मिळालेली उत्तरे वाचकाच्या मनातील पोकळी भरून काढतात. आणि ती पोकळी हेच तर या शेवटाचे देणे आहे.

शेवटावरून संपूर्ण ग्रंथाचा रस ठरविण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त महाभारताचा अंगी रस शांत असल्याचे प्रतिपादन केले ते मुख्यतः त्याच्या शेवटाच्या आधारावर. वृष्णींचा आणि पांडवांचा विरस शेवट दाखवून व्यासांनी वैराग्य उत्पन्न केले, असे त्याचे म्हणणे आहे. तीच कसोटी येथे लावली तर काय दिसते? विजयानंतरची पोकळी दोन्हीकडे आहे, जेत्यांचे निघून जाणेही दोन्हीकडे आहे. पण महाभारताची दृष्टी अखेरपर्यंत जाणाऱ्यांच्या मागोमाग चालते. वाटेत एकेक भाऊ पडत जातो आणि आपण युधिष्ठिरासह पुढे चालत राहतो. टोल्किनची दृष्टी मागे वळते. ती राहणाऱ्याबरोबर घरी येते. म्हणून त्याच्या ग्रंथातून उत्पन्न होणारा भाव वैराग्याचा नव्हे. त्यास आम्ही ऋणाची जाणीव म्हणू. दिवा, जेवण, मांडीवरचे मूल, या नित्याच्या गोष्टींची किंमत कोणी तरी दिली आहे, आणि तो देणारा आता येथे नाही, असे वाटून त्या गोष्टी जपून हाताळाव्याशा वाटणे, हा तो भाव होय.

हीच कसोटी इतर ग्रंथांस लावून पाहू. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेच्या 'द फार्देस्ट शोअर' (१९७२) या कादंबरीत मृत आणि जिवंत यांच्या जगांमधील भगदाड बुजविण्याकरिता गेड हा महामांत्रिक आपले सारे सामर्थ्य खर्ची घालतो, आणि शेवटी साधा मनुष्य होऊन निघून जातो. जगाचा समतोल राखल्यावाचून मंत्र चालत नाही, हा तिच्या सृष्टीचा नियम १९६८ सालच्या पहिल्या पुस्तकापासून सांगितलेला आहे. म्हणून ही हानी वाचकास न्याय्य वाटते. एवढेच नव्हे, तर अठरा वर्षांनी, 'टेहानू' या पुस्तकात, सामर्थ्य गमावलेल्या गेडने पुढे जगावयाचे कसे, हा प्रश्न तिने पुन्हा हाती घेतला. कडू शेवटाची जबाबदारी इतकी वर्षे मनात वागविणारे लेखक विरळाच.

फिलिप पुलमनच्या 'द अँबर स्पायग्लास' (२०००) या कादंबरीचा शेवट याहूनही लोकप्रिय आहे. लायरा आणि विल ही दोन वेगळ्या जगांतील मुले परस्परांवर प्रेम करू लागतात, आणि त्याच वेळी त्यांना कळते की, जगाजगांमधील खिडक्या बुजविल्याच पाहिजेत. फक्त एक, मृतांच्या सुटकेकरिता, उघडी ठेवता येईल. दर वर्षी एका ठरलेल्या दिवशी भर दुपारी आपापल्या जगातील ऑक्सफर्डच्या वनस्पतिबागेत, एकाच बाकावर, परस्परांस न दिसता तासभर बसावयाचे, असे ठरवून ती दुरावतात. हा प्रसंग वाचून आम्हांसही भरून आले, हे लपवीत नाही. तथापि अश्रू सुकल्यावर मनात एक शंका राहते. परक्या जगात मनुष्य फार वर्षे तग धरीत नाही, हे खरे. पण एकच खिडकी का, दोन का नाहीत, हा नियम कथा संपत आल्यावर एका देवदूताच्या तोंडून येतो. येथे कडुनिंबाचे पान लेखकाने आपल्या हाताने घातल्यासारखे वाटते. बाकाची कल्पना इतकी सुंदर नसती तर हा दोष अधिक जाणवला असता.

टोल्किनही निर्दोष नाही. त्याच्या कथेतील सर्वांत कटू शेवट आर्वेनचा. ॲरागॉर्न राजाकरिता ती अमरत्व सोडते, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच ओस पडलेल्या लोथलोरिएनमध्ये एकटी जाऊन देह ठेवते. हा प्रसंग मूळ कथेत नसून परिशिष्टात आहे. कित्येक वाचक तेथवर पोहोचतच नाहीत. राजाचा विवाह मुख्य कथेत आणि राणीचे मरण परिशिष्टात, ही वाटणी आम्हांस न्यायाची वाटत नाही. शिवाय त्याच परिशिष्टांत सॅमही अखेरीस समुद्रापार गेल्याची दंतकथा नोंदविलेली आहे. प्रथम वाचन संपताच आम्ही अधाशीपणाने पाने उलटून ती शोधून काढली होती, आणि त्या दिवशी तिने आमचे समाधान केले होते. आज ती तेथे नसती तर बरे, असे वाटते.

तात्पर्य, म्यूरने विचारलेला प्रश्न योग्य होता. उत्तर शोधण्यात मात्र त्याने घाई केली. युद्धावरून आलेली सर्व मुले घरी सुखी झाली काय, हे त्याने पाहिले, आणि तिघे सुखी दिसताच त्याने चौथ्याची मोजदाद केली नाही. अशी चूक समीक्षकाच्याच हातून होते असे नव्हे. शायरमधील लोकांच्या हातून तीच झाली. ते सुगीच्या हंगामात गुंतले होते आणि फ्रोडो केव्हा आजारी पडला हे त्यांना कळले नाही. खुद्द सॅमलाही कळले नाही. एक वार वाचून या ग्रंथाला बालकांचा म्हणणारा वाचक त्या गावकऱ्यांतलाच एक होय. त्याने १३ मार्चच्या त्या दोन नोंदी पुन्हा एकदा उघडून पाहाव्या, एवढीच आमची त्यास विनंती आहे.